नऊ वाजून वीस मिनिटं

नात अडीच महिन्यांची. त्या रात्री तिचं पोट दुखायचं काही केल्या थांबेना. ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं, बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं, पालथं धरून पाठ चोळली. लेकीचा चेहरा रडवेला झाला तेव्हा जावई म्हणाले, डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब घेऊन येतो. म्युनिकमध्ये रात्री सगळी औषधाची दुकानं बंद असतात, पाळीपाळीनं एखादंच उघडं राहतं. मीही शाल गुंडाळून त्यांच्याबरोबर निघाले. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. धुकं इतकं खाली आलं होतं की रस्त्यावरचे दिवे नुसते पिवळे डाग दिसत होते आणि तोंडातून निघालेली वाफ त्यात कुठं मिसळत होती ते कळत नव्हतं. थेंबांची बाटली मिळाली. परत येताना ट्युर्केनस्ट्रासे नावाच्या रस्त्यावर एका शाळेच्या इमारतीसमोर जावई थांबले, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आई, अर्धा मिनिट थांबा. आलोच आहोत तर बघून घ्या."

मी थांबले. समोरच्या भिंतीवर एकदम लाल काचेच्या नळ्या पेटल्या. काहीतरी फुटून चहूकडं उडावं तशा त्या रेषा, आणि मध्ये एक तारीख, ८ नोव्हेंबर १९३९. आवाज नाही, काही नाही. धुक्याला तेवढा लाल रंग चढला. एक मिनिटानं सगळं विझलं आणि भिंत पुन्हा नुसती भिंत झाली. जावयांनी चालता चालता सांगितलं की हे रोज होतं, रात्री ९ वाजून २० मिनिटांनी, बरोबर एक मिनिट. गेओर्ग एल्झर नावाच्या सुतारानं हिटलरला मारण्यासाठी ठेवलेला बॉम्ब त्या वेळी फुटला होता. हिटलर तेरा मिनिटं आधी निघून गेला होता. तो सुतार तेव्हा याच रस्त्यावर भाड्यानं राहत होता.

"अरेरे," मी म्हणाले. "तेरा मिनिटं."

"साधलं असतं तरी फार फरक पडला नसता, आई," ते म्हणाले. "दुसरा कुणीतरी आला असता. एका माणसानं इतिहास बदलत नसतो."

जावई भला माणूस आहे. वाचणारा, विचार करून बोलणारा. त्यांनी हे काही हेकट सुरात सांगितलं नव्हतं, शाळेत शिकलेलं गणित सांगावं तसं सांगितलं. तरी ते वाक्य माझ्या घशात अडकलं. घरी आलो, बाळाला थेंब दिले, ती झोपली. मी मात्र पहाटेपर्यंत जागी. कारण ते वाक्य मी आधी ऐकलं होतं, दुसऱ्या घरात, दुसऱ्या माणसाबद्दल. "एक माणूस गेला म्हणून जग थांबतं का?" असं माझ्या आजीला सगळं गाव म्हणायचं. आणि आजी दर वेळी म्हणायची, "तुमचं न्हाई थांबत. माझं थांबलं."

माझे वडील सुतार होते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात घराच्या पडवीतच त्यांचं काम चाले. सागवानाच्या भुशाचा वास, सरसाची भांड्यात चुळबुळणारी उकळी, धार लावलेल्या पटाशीवर अंगठा आडवा फिरवून बघायची अण्णांची सवय, यांत मी वाढले. म्हणून एल्झरबद्दल पुढं जे जे कळत गेलं ते मी आधी हातांनी ऐकलं. एका दगडी-विटांच्या खांबाला भोक पाडायचं, तेही रात्री, तेही कुणाला कळू न देता, तेही एकट्यानं. अण्णांना चौकट बसवायला भिंत फोडावी लागली की आख्ख्या आळीला कळे. हा माणूस ऑगस्ट १९३९ मध्ये म्युनिकला आला आणि तीस-पस्तीस रात्री त्या बिअरच्या दालनात लपून राहिला. ब्युर्गरब्रॉयकेलर त्याचं नाव, हिटलर दरवर्षी तिथं भाषण करायचा. संध्याकाळी तिथंच साधं जेवण घ्यायचं, मग हळूच वर सज्जात जायचं, अडगळीच्या जागेत दडून बसायचं, दिवे मालवून कुलपं लागली की बाहेर यायचं. भाषणाच्या जागेमागच्या खांबाला लाकडी फळ्यांचं आवरण होतं. त्यात त्यानं आधी एक दार केलं, असं की सांधा कुठं आहे ते दिवसा कुणाला ओळखू येऊ नये. मग आत खोदायला सुरुवात. बॅटरीवर निळा रुमाल बांधलेला. गुडघ्यांवर बसून बसून गुडघे पिकले. मोठा तुकडा फोडायचा असला की तो थांबायचा. तिथल्या मुताऱ्यांमध्ये ठरावीक वेळानं आपोआप पाणी सुटायचं, त्या आवाजात तो घाव घालायचा. पडलेला चुरा पिशवीत गोळा करून दिवसा पेटीतून बाहेर न्यायचा. दाराला आतून पत्रा ठोकला, कुणी टिचकी मारली तर पोकळ वाजू नये म्हणून. घड्याळांची टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून आत बुचाचं अस्तर लावलं.

हे वाचताना मला अण्णा दिसत होते, देवघराचा खण घासूनपुसून बसवताना. उघडझाप करताना आवाज आला तर तो खण ते काढून पुन्हा रंधायचे. लोक म्हणत, देव कुठं ऐकतोय. ते काही बोलत नसत.

एल्झर कुठल्या मोठ्या कटात नव्हता. श्वाबेनमधल्या क्योनिग्सब्रॉन गावाकडचा, झिथर वाजवणारा, थोडं बोलणारा माणूस. पूर्वी कॉन्स्टान्झच्या घड्याळ कारखान्यात काम केलेला, म्हणून घड्याळांची यंत्रं त्याला माहीत. दारूगोळ्याच्या कारखान्यातून आणि दगडाच्या खाणीतून त्यानं थोडी थोडी स्फोटकं जमवली. पकडल्यावर त्यानं चौकशीत जे सांगितलं त्यात एक हिशेब आहे. १९२९ मध्ये सुताराला तासाला एक मार्क, म्हणजे शंभर फेनिग मिळायचे, आता ६८ फेनिग मिळतात. आणि १९३८ मध्ये इंग्लंड-फ्रान्सनं हिटलरशी केलेल्या म्युनिकच्या करारानंतर त्याला वाटू लागलं की लढाई टळलेली नाही, नुसती पुढं गेली आहे. मुत्सद्द्यांना, सेनापतींना, वर्तमानपत्रांना जे उमगलं नाही किंवा उमगूनही ज्यावर कुणी हात उचलला नाही, ते या तासावर काम करणाऱ्या माणसाला उमगलं. आपण यातून आणखी मोठा रक्तपात थांबवू पाहत होतो, असं तो म्हणाला.

त्या रात्री धुकं होतं. विमान उडेल याची खात्री नव्हती, म्हणून हिटलरला बर्लिनची गाडी गाठायची होती. दरवर्षी तो साडेआठला सुरू करून दहापर्यंत बोलायचा. त्या वर्षी आठला सुरू केलं आणि ९ वाजून ७ मिनिटांनी संपवलं. ९.२० ला खांब उडाला, छत खाली आलं. आठ माणसं मेली, साठाहून जास्त जखमी झाली. मेलेल्यांत एक तिथली वाढपी बाई होती, मारिया हेन्ले. बाकीचे पक्षाचे लोक होते, ती कामावर होती. हे नाव मला कळलं तेव्हा एल्झरबद्दलचा माझा सगळा उमाळा एक क्षण अडला. अजूनही अडतो. मी त्याच्यावर जीव टाकते आहे, पण त्या बाईची बहीण त्याच्यावर जीव कसा टाकेल?

दुसऱ्या दिवशी लेक आणि बाळ झोपलेली असताना मी एकटीच इझार नदीचा पूल ओलांडून पलीकडं गेले. ते दालन आता नाही, १९७९ मध्येच पाडलं. पण खांब जिथं होता तिथं फरशीत एक पाटी बसवली आहे. येणारेजाणारे तिच्यावरून चालत होते. मला जर्मन येत नाही. आकडे येतात. शेवटच्या ओळीत तारीख होती, ९ एप्रिल १९४५, आणि पुढं डाखाउ. त्या दिवशी त्याला तिथल्या छळछावणीत गोळी घातली. हवाई हल्ल्यात मेला असं दाखवा, असा हुकूम बर्लिनहून आला होता. वीस दिवसांनी, २९ एप्रिलला, अमेरिकी फौज डाखाउच्या फाटकातून आत शिरली.

९ एप्रिल १९४५. ही तारीख मला पाठ आहे.

आजीचा पाठचा भाऊ त्याच दिवशी इटलीत मारला गेला. सेनिओ नावाच्या नदीवर. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, जिला जंगी पलटण म्हणतात, तिच्यात तो शिपाई होता. बेळगावला भरती झाला तेव्हा एकोणीस वर्षांचा. शेवटच्या रजेवर आला तेव्हा आजीच्या सासरी येऊन गेला. निघताना बहिणीकडून दोन रुपये घेतले. तूप विकून गाठीला बांधलेले. "आलो की देतो, आक्का," म्हणाला. आजी पुढं पन्नास वर्षं जगली आणि त्या पन्नास वर्षांत दोन रुपयांचा विषय निघाला नाही असा दिवाळीचा पाडवा गेला नाही, भाऊबीज गेली नाही. "माजं दोन रुपयं घेऊन गेला," एवढंच म्हणायची, रागानं. रडताना मी तिला पाहिलेलं नाही. कुणीतरी शिकलेल्यानं तिला सांगितलं होतं की इटलीतली लढाई २ मे रोजी थांबली. तिनं बोटांवर मोजलं असणार. "आजून ईस-बावीस दिस दम धराया नको व्हता?" असं ती भावाला विचारायची. जणू मरणं त्याच्याच हातात होतं.

त्या संध्याकाळी मी जावयांना म्हणाले, "तुमचं ते वाक्य मला पुन्हा एकदा समजावून सांगा."

त्यांनी मनापासून सांगितलं. पोलंड तर आधीच पडला होता, इंग्लंड-फ्रान्सनं युद्ध पुकारलं होतं. हिटलर गेला असता तर गोरिंग होता, त्याचं वारस म्हणून नाव जाहीरही झालं होतं. लोक तेव्हा हिटलरवर भाळलेले होते, त्यांनी त्याला हुतात्मा केलं असतं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत जी समजूत पसरली होती, की आपण हरलो नाही, आपल्या पाठीत खंजीर खुपसला, ती दुप्पट झाली असती. १९४४ मध्ये इंग्रजांनीही हिटलरला मारायची योजना कागदावर आणली होती, आणि त्यांच्यातल्याच काहींनी याच भीतीनं विरोध केला, शिवाय तो सेनापती म्हणून इतक्या चुका करतो आहे की जिवंत राहिलेलाच बरा, असंही म्हणाले. ती योजना बासनातच राहिली.

यातलं बरंच मला पटलं. पण त्या नोव्हेंबरच्या आठवड्याबद्दल मी नंतर वाचत गेले तशी एक गोष्ट सापडली, जी मला त्यांना सांगायची होती. हिटलरनं पश्चिमेवर हल्ला करायची तारीख ठरवली होती, १२ नोव्हेंबर. म्हणजे बॉम्बनंतर चारच दिवसांनी. त्याच्या सेनापतींना हा हल्ला वेडेपणा वाटत होता. लष्कराचा प्रमुख ब्राउखिच ५ तारखेला ते सांगायला गेला आणि शिव्या खाऊन पांढराफटक पडून परत आला. हाल्डर नावाचा दुसरा सेनापती त्या दिवसांत हिटलरला भेटायला जाताना खिशात पिस्तूल ठेवायचा आणि तसाच परत यायचा. मग खराब हवेमुळं हल्ला पुढं गेला, पुन्हा पुढं गेला, असं करत करत मे १९४० उजाडला. म्हणजे ज्या आठवड्यात एक सुतार गुडघे पिकवून खांब पोखरत होता, त्याच आठवड्यात ज्यांच्या हाताखाली लाखोंची फौज होती ती माणसं खिशातलं पिस्तूल चाचपत होती. लढाई नको असणारे पुष्कळ होते. लढाई हवीच असणारा, त्या टोकाला, एक होता. त्या आठवड्यात तो एक गेला असता तर? गोरिंग लुटारू होता, क्रूर होता, ज्यूंना त्याच्या हातून सुख लागलं नसतं. पण फ्रान्सवर, मग रशियावर, मग जगावर तसाच चालून गेला असता असं मला वाटत नाही. गॅसच्या कोठड्या तेव्हा उभ्या राहायच्या होत्या.

जावई म्हणाले, "वाटतं, आई. पण वाटण्याला पुरावा नाही."

खरं आहे. पण "दुसरा कुणीतरी आला असता" याला तरी कुठं आहे?

इटलीचं मात्र तसं नाही. तिथं एक हुकूमशहा भर युद्धात खरोखरच काढला गेला. २५ जुलै १९४३ च्या पहाटे मुसोलिनीच्याच पक्षाच्या बड्या मंडळींनी १९ मतांनी त्याच्याविरुद्ध ठराव केला. दुपारी राजानं बोलावून घेतलं, पदावरून काढलं आणि बाहेर येताच पोलिसांनी त्याला रुग्णवाहिकेत घालून नेलं. एकवीस वर्षांची सत्ता, एक गोळी न झाडता. लोक रात्रीच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आले, नाचले, पक्षाची चिन्हं हातोड्यांनी फोडली. त्यांना वाटलं युद्ध संपलं. पण नवा पंतप्रधान बादोलिओ रेडिओवर म्हणाला, युद्ध चालू राहील. जर्मनांना घाबरून म्हणाला. आतून दोस्तांशी बोलणी, वरून जर्मनांशी मैत्री, असे पंचेचाळीस दिवस घालवले. त्या पंचेचाळीस दिवसांत जर्मन पलटणी आल्प्स उतरून खाली येत राहिल्या. ८ सप्टेंबरला तह जाहीर झाला, दुसऱ्या दिवशी राजा आणि पंतप्रधान रोम सोडून पळाले, आणि इटलीच्या सैनिकांना कुणी सांगितलंच नाही की आता बंदूक कुणाकडं धरायची. लाखोंना जर्मनांनी पकडून नेलं. मुसोलिनीला डोंगरावरच्या कैदेतून सोडवून उत्तरेत पुन्हा गादीवर बसवलं. १६ ऑक्टोबरला रोममध्ये धरपकड झाली आणि हजाराहून जास्त ज्यू माणसं आउशवित्झला गेली. मुसोलिनी असताना त्यांचा छळ होता, हक्क काढून घेतले होते, पण अशी गाडी भरून गेली नव्हती. पुढच्या वर्षी मार्झाबोत्तोच्या डोंगरातल्या वाड्यांवर काही दिवसांत सातशेहून अधिक माणसं मारली, त्यांत मुलं होती, बाया होत्या.

आणि आजीचा भाऊ इटलीच्या किनाऱ्यावर उतरला तो सप्टेंबर १९४३ मध्ये, तारान्तोला. हुकूमशहा काढल्यानंतर दोन महिन्यांनी. हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्या आठवड्यात, बाळाला मांडीवर घेऊन तारखा जुळवताना लक्षात आलं. ज्याच्याशी लढायला तो निघाला असं आम्ही लहानपणापासून समजत होतो, तो माणूस तर हटलेला होता. तरी पुढं वीस महिने त्या देशाच्या टाचेपासून वर वर, प्रत्येक नदी ओलांडत, ही आमची पोरं गेली. सांग्रो, मग कॅसिनोकडची रापिदो, मग तायबर, आर्नो, शेवटी सेनिओ. मुसोलिनीला काढणाऱ्यांना आपली कातडी वाचवायची होती, लढाई थांबवायची तयारी कुणी केलीच नव्हती. जावयांच्या बाजूनं जाणारं हे सगळ्यात मोठं उदाहरण, आणि ते माझ्याच घरातलं निघालं. मी त्यांना तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. त्यांना जिंकायचं नव्हतंच.

मग २० जुलै १९४४, हिटलरवरचा सेनापतींचा बॉम्ब. ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून फार सांगत नाही. एक डोळा आणि उजवा हात गमावलेला, डाव्या हाताला तीनच बोटं राहिलेला कर्नल श्टाउफेनबर्ग, कातडी बॅग, नकाशांचं टेबल. मी मात्र त्या टेबलापाशीच अडकते. ओकच्या लाकडाचं, भक्कम. त्याला पाय नव्हते, जाड लाकडाचे आडवे आधार होते. ब्रांट नावाच्या अधिकाऱ्याच्या पायात बॅग येत होती, म्हणून त्यानं ती उचलून आधाराच्या पलीकडच्या बाजूला सरकवली. लाकडानं स्फोट अडवला. कुठल्या तरी सुतारानं ते टेबल चोख केलं होतं, कामात कसूर ठेवली नव्हती. ब्रांट स्वतः मेला. आणि हाच ब्रांट आदल्या वर्षी मार्चमध्ये हिटलरच्या विमानात एक पुडकं घेऊन बसला होता, दारूच्या बाटल्या समजून. कट करणाऱ्यांनी दिलेला तो बॉम्ब थंडीमुळं फुटलाच नव्हता.

त्या संध्याकाळी बर्लिनमध्ये सरकारी इमारतींना वेढा घालायला निघालेल्या मेजर रेमरच्या हातात कुणीतरी फोन दिला. पलीकडून आवाज आला, मला ओळखलंस का? रेमर टाचा जुळवून उभा राहिला आणि त्याच्या बंदुका उलट्या बाजूला वळल्या. एका माणसानं फरक पडत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या फोनचं काय करायचं? हजारो अधिकारी त्या दिवशी एवढंच विचारत होते, तो जिवंत आहे की नाही. आहे म्हटल्यावर सगळं विरघळलं. त्यानंतरच्या दहाएक महिन्यांत जर्मनीचे जितके सैनिक मेले ते आधीच्या पाच वर्षांच्या बरोबरीनं होते. पंधरा दिवसांनी, ४ ऑगस्टला, ॲम्स्टरडॅममध्ये ॲन फ्रँकच्या घरच्यांना पकडलं. हंगेरीतल्या चार लाखांहून जास्त ज्यूंना मात्र त्याआधीच, मे ते जुलैच्या आत नेऊन झालं होतं. त्यांच्यासाठी २० जुलैलाही उशीरच झाला होता. म्हणून मला सेनापतींच्या या बॉम्बपेक्षा सुताराचा बॉम्ब जास्त छळतो. तो वेळेवर होता.

त्याच जुलैच्या अखेरीस मराठा पलटण फ्लॉरेन्सच्या जवळ पोचली होती. तिथल्या एका जुन्या गढीत फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातली चित्रं लपवून ठेवलेली सापडली, बोत्तिचेल्लीचं वसंत ऋतूचं चित्रसुद्धा, आणि त्यांच्यावर पहारा होता मराठा शिपायांचा. आमचा मामा, म्हणजे आजीचा तो भाऊ, तिथं होता की नाही कळायला मार्ग नाही. पण मी त्याला तिथं उभं करते. बंदूक खांद्याला, समोर पायघोळ झिरझिरीत वस्त्रं नेसलेल्या बाया आणि झाडांना लगडलेली नारिंगं. बर्लिनमध्ये त्या दिवशी कट यशस्वी झाला असता तर तिथूनच तो परत फिरला असता असं मला वाटून घ्यायचं असतं. फिरला असता का? दोस्तांनी बिनशर्त शरणागतीच मागितली होती, आणि कट करणारे सेनापती काहीतरी पदरात पाडून तह करू पाहत होते. चार-सहा महिने गेलेच असते. पण एप्रिल उजाडला नसता.

एक गोष्ट मला लिहायला जड जाते. मामा गेल्यावर आजीच्या माहेरी जे पैसे आले त्यातून तिथल्या रानात विहीर खोदली. मिलिटरीची विहीर म्हणतात तिला अजून. त्या विहिरीवर मळा झाला, मळ्यावर आजोळचं घर उभं राहिलं, आणि त्या घरी राहून माझी आई शाळा शिकली, मास्तरीण झाली. मी जे काही आहे त्यात त्या विहिरीचं पाणी आहे. आणि त्याच काळात, त्याच साताऱ्याच्या मुलखात, मामाचे सख्खे चुलतभाऊ नाना पाटलांच्या प्रतिसरकारात होते, रात्री-अपरात्री उसाच्या फडात दडत होते. एक भाऊ गोऱ्यांच्या पलटणीत, दुसरे गोऱ्यांच्या विरुद्ध. १९३९ च्या नोव्हेंबरात लढाई विझली असती तर बेचाळीस तसं पेटलं असतं का? ब्रिटन इतकं खंगलं असतं का, की सत्तेचाळीसला गाशा गुंडाळावा? बंगालच्या दुष्काळात मेलेली लाखो माणसं वाचली असती का? मी मामाला परत मागते तेव्हा नकळत यातलं किती परत करायला तयार असते? आजी यावर एका वाक्यात बोलली असती, तिला स्वराज्य आणि भाऊ दोन्ही हवे होते, आणि दोन्ही मागण्यात तिला काही चुकीचं वाटलं नसतं. मला तिच्याइतकं सरळ मागता येत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला जावई स्वतःहून म्हणाले, आपण इटलीत फोर्लीला जाऊन येऊ. लेकीची मैत्रीण दोन रात्री सोबतीला आली. आम्ही पहाटे निघालो, ब्रेनरच्या घाटातून उतरलो, आणि दुपारी त्या सपाट मुलखात पोचलो. छाटलेल्या द्राक्षवेली, पानं झडलेल्या फळबागा, नांगरलेली काळी जमीन. ओळखीची वाटावी अशी. आधी सेनिओ पाहिली. नदी कसली, आमच्या वसनेएवढी. पण दोन्ही काठांना मातीचे उंच उंच बांध, घरापेक्षा उंच, पुरासाठी घातलेले. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी मशीनगनची बिळं केली होती. ९ एप्रिलला दुपारभर विमानांनी तो पट्टा भाजून काढला आणि संध्याकाळी आमची पोरं पाण्यात उतरली. संगमनेरजवळच्या निमज गावचे नामदेव जाधव त्यात होते. कंपनीचे धावक. त्यांची तुकडी काठावर कापली गेली तेव्हा दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाठीवर घेऊन ते खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून परत पोचवून आले, मग एकट्यानं पुन्हा जाऊन मशीनगनच्या जागा बंद पाडल्या. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून हातबॉम्ब वापरले. मग बांधाच्या माथ्यावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयघोष केला, आणि तो ऐकून बाकीचे पार झाले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जगले, घरी आले. आमच्या मामाबद्दल एवढंच कळलं होतं की तो पाण्यात होता.

जावई बांधावर उभे राहून बराच वेळ खाली बघत होते. "इथंही एक माणूस," ते म्हणाले, आणि थांबले. मी काही जोडलं नाही.

फोर्लीच्या हिंदी सैनिकांच्या स्मशानभूमीत ज्यांना दहन दिलं त्यांची नावं वेगळी कोरलेली आहेत. मामाचं नाव जावयांना सापडलं, मला चष्म्यातून धूसर दिसत होतं. इंग्रजी अक्षरांत आडनावाचा उच्चार थोडा बिघडलेला, पण तोच. गावाहून आणलेली विहिरीकाठची चिमूटभर माती मी तिथं ठेवली. एल्झरला थडगं नाही. डाखाउत त्याची राख कुठं मिसळली कुणाला ठाऊक नाही. वर युद्धानंतर पुष्कळ वर्षं लोक त्यालाच नाझींचा हस्तक म्हणत राहिले, १९६४ मध्ये त्याच्या चौकशीचे कागद सापडेपर्यंत. म्हणून मी मनात त्याचंही नाव घेतलं. आणि त्या वाढपी बाईचं.

रात्री मुक्कामाच्या खोलीतून आईला फोन लावला. ती ८१ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण फोनवर मास्तरणीसारखी एकेक गोष्ट नीट विचारून घेते. नाव दिसलं का. कसं लिहिलंय. आसपास झाडं आहेत का. मग मी तिला त्या सुताराची गोष्ट सांगितली, खांबाची, घड्याळांची, तेरा मिनिटांची, आणि तारखेची. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, फोन तुटला.

"त्याला बहीण होती का गं?" तिनं विचारलं.

"होती. स्टुटगार्टला. बॉम्बच्या आधी दोन दिवस तो तिच्याकडं सामान ठेवायला गेला होता. कुठं जातोस विचारलं तर म्हणाला, कुंपणापलीकडं. तिनं तीस मार्क दिले त्याला, वाटखर्चीला. पुढं तिलाही तुरुंगात टाकलं."

"तीस," आई म्हणाली. तिकडं मागं कुठंतरी रात्रीची पंपाची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. "मग तेही राहिलेच असतील."